तारकर्लीला निवांत राहायचंय? आधी तिथी बघा

तारकर्लीची तारीख बहुतेक जोडपी रजा बघून ठरवतात, नाहीतर खोलीचं भाडं बघून. दिवस कसा जाणार हे मात्र दिनदर्शिकेत तारखेखाली बारीक अक्षरात छापलेली तिथी ठरवते, कारण भरती-ओहोटीच्या वेळा तिथीवर चालतात.

कोकणातला हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी ३ च्या सुमाराला भरती आणि तिथून सहा तासांनी, ९ ला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती ६ ला, ओहोटी १२ ला. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. प्रत्यक्षात वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण बेत आखायला एवढं पुरतं.

निवांत दिवसाला सगळ्यांत सोयीच्या तिथी म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या प्रतिपदा ते तृतीया. द्वितीया धरा: भरती दीड वाजता, म्हणून ओहोटी सकाळी साडेसातला आणि पुन्हा संध्याकाळी त्याच सुमाराला. चालायच्या दोन्ही वेळांना ओली, टणक, रुंद वाळू मिळते आणि पाणी वर चढतं तेव्हा तुम्ही जेवून सावलीत असता. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी. पण रुंद किनारा मिळतो तो भर बारा वाजता, आणि सकाळी कोरड्या भुसभुशीत वाळूत चालून पोटऱ्या भरून येतात.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस संपल्यावर लगेच गेलात तर नदीच्या गाळामुळे पाणी गढूळ असतं. मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत प्रवासी होड्या बंदच.

आता दिवस. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्य सुरूच्या बनामागून वर येतो. त्यामुळे उजाडल्यावर बराच वेळ वाळूवर झाडांची सावली असते. डिसेंबरात ७ च्या सुमाराला उजाडतं, तेव्हाच बाहेर पडा आणि दक्षिणेला देवबागच्या दिशेनं चाला. वाटेत रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर बघायला थांबा, हात लावायचा असेल तर आधी विचारा. दोर आणि पाणी यांच्यामध्ये मात्र उभं राहू नका, ताणलेला दोर सरकतो तेव्हा पायात येतो. निघण्याआधी खोलीवर दुपारच्या जेवणाचं सांगून ठेवा. घरगुती निवासात मासळी सकाळीच आणतात. ११ वाजता सुरमई मागितली तर उरलेला बांगडा मिळेल (तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं असेल तर तक्रारीला जागा नाही). सुरमई, पापलेटचा भाव रोज बदलतो, तो ताट समोर येण्याआधी विचारावा.

पोहायचं ८ ते साडेदहा. प्रतिपदा ते तृतीयेला तेव्हा पाणी भरतं असतं, म्हणजे ओढ किनाऱ्याकडे. शिवाय रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे तेव्हा मंदावलेले असतात आणि समुद्राकडून येणारे खारे वारे सुरू व्हायचे असतात, त्यामुळे पाणी सपाट. दुपारनंतर दोन्ही गोष्टी उलटतात: खारे वारे लाटा उठवतात आणि ओहोटी बाहेर ओढते. संध्याकाळचं पाणी दिसायला कितीही छान असलं तरी घोट्यापर्यंतच.

सकाळीही पाण्यात शिरण्याआधी पाच मिनिटं उभं राहून लाटा बघा. दोन्ही बाजूंना फेस फुटतोय आणि मधल्या एका पट्ट्यात लाटाच फुटत नाहीत, तर तो पट्टा शांत नव्हे, तिथूनच पाणी समुद्रात परततंय. नवखे नेमके तिथंच उतरतात. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, फुटत्या लाटा लागल्या की मग आत या. देवबागच्या संगमावर, जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं पोहूच नये. जेलीफिश लागला तर जागा चोळू नका, गोड्या पाण्यानंही धुऊ नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा.

सनस्क्रीन वाळूवर येऊन नाही, खोलीतून निघताना, पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल एवढं. दर दोन तासांनी, आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. कानांचे शेंडे, पावलांची वरची बाजू आणि गुडघ्यांच्या मागचा भाग हमखास राहतो. खारा वारा अंगाला गार लागतो, म्हणून भाजतंय हे कळत नाही, संध्याकाळी आंघोळीच्या वेळी कळतं.

दुपार पूर्ण मोकळी सोडा. जेवण, सोलकढी, झोप. खोलीबाहेर झुलता पाळणा असेल तर तो कुठं बांधलाय ते आधी वर मान करून बघा. माडावर तयार नारळ असतील तर त्याखाली झोपू नये, सुरूची दोन जाड खोडं बरी. खोडांमध्ये चारेक मीटर अंतर हवं आणि दोर तिरका, साधारण ३० अंशांत. दोर ताठ ओढून बांधला की पाळणा पलटी होतो, शिवाय खोडावर आणि गाठीवर नको इतका ताण येतो. थोडी झोळ ठेवा, म्हणजे बसल्यावर तो जमिनीपासून हातभर वर राहील. सरळ लांबीत झोपलात तर पाठ वाकडी होते. अंग थोडं तिरपं टाकलं की पाठ सपाट राहते. दोघांनी एकत्र बसायचं तर पाळण्यावर आडवं, झोपाळ्यावर बसतात तसं, आणि एकाच वेळी. एक बसलेला असताना दुसऱ्यानं कडेवर टेकलं की दोघंही वाळूत.

सिंधुदुर्ग किल्ला (बांधकाम १६६४ ते १६६७), त्सुनामी आयलंड, स्कूबा, पॅरासेलिंग असं सगळं एका दिवसात विकायला एजंट येतीलच. आमचं मत ठाम आहे: या दिवशी यातलं काहीही नको, फार तर एक, तेही सकाळी. त्सुनामी आयलंड हा नदीतला वाळूचा उंचवटा आहे, भरतीला तिथं पाण्यातच उभं राहावं लागतं.

सूर्य डिसेंबरात ६ नंतर लगेच बुडतो, मे अखेरीस ७ ला. साडेपाचला वाळूवर असा.

तिथी अमावास्येनंतरची असेल तर जेवणानंतर पुन्हा एकदा किनाऱ्यावर या. हिवाळ्यात कोकणात काही रात्री फुटणाऱ्या लाटा निळ्या चमकतात. नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव पाणी हललं की उजळतात. ते दिसतीलच असं नाही. टॉर्च, मोबाइल बंद करून डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं द्या. फोटोसाठी मोबाइल टेकवायला काहीतरी हवं आणि एक्स्पोजर काही सेकंदांचं, हातात धरून काढलेला फोटो नुसता काळा येतो.

दुसऱ्या दिवशी गोव्याहून विमान असेल तर स्कूबा आदल्या सकाळीच उरका. एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १२ तास जावे लागतात. रेल्वेनं परतणाऱ्यांना ही अडचण नाही, पण कुडाळ स्टेशन तारकर्लीपासून पस्तीसेक किलोमीटर आहे आणि पहाटेच्या गाडीसाठी रिक्षा आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावी लागते.