डब्ल्यू. जी. ग्रेसची सरासरी

क्रिकेटच्या आकडेवारीत रमणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न नेहमी ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा गाजलेला फलंदाज डब्ल्यू. जी. ग्रेस याच्या नावावर 22 कसोटी सामने, 1,098 धावा, दोन शतके आणि 32.29 ची सरासरी एवढेच असेल, तर त्याचे एवढे कौतुक कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र ग्रेसच्या दाढीभोवती गुंफलेल्या दंतकथांत शोधू नये, असे मला मनापासून वाटते. ते उत्तर त्या काळच्या खेळपट्ट्यांत आहे, आणि थोडेसे तारखांतही आहे.

तारखांचे आधी सांगतो. ग्रेसचा जन्म 18 जुलै 1848 रोजी ब्रिस्टलजवळच्या डाउनएंड या गावी झाला. वडील डॉक्टर होते, मामा आल्फ्रेड पोकॉक यांनी मुलांना घराच्या आवारातच खेळाचे धडे दिले आणि आई मार्था यांनाही क्रिकेटची उत्तम जाण होती. ग्रेस 1865 मध्ये, वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागला. इंग्लंडमध्ये पहिला कसोटी सामना झाला तो सप्टेंबर 1880 मध्ये, लंडनच्या ओव्हल मैदानावर. म्हणजे ज्या कसोटी सरासरीवरून आज त्याला जोखले जाते, तिचा पहिला चेंडू तो खेळला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता आणि त्याच्या खेळातली सर्वांत बहराची वर्षे मागे पडली होती. तरीही त्या पहिल्याच सामन्यात त्याने 152 धावा काढल्या. इंग्लंडकडून कसोटीत झळकलेले ते पहिले शतक होय.

आता खेळपट्ट्यांविषयी. 1860 च्या दशकातले लॉर्ड्स म्हणजे आजचे हिरवेगार, कातीव मैदान नव्हे. तिथल्या खेळपट्टीवर खडे असत. एक चेंडू छातीवर उसळे आणि त्याच टप्प्यावरचा पुढचा चेंडू जमिनीलगत सरपटत यष्ट्यांवर जाई. हात खांद्याच्या वर नेऊन गोलंदाजी करण्याची मुभा नियमाने 1864 मध्ये मिळाली होती, त्यामुळे वेगवान गोलंदाजांचे तर फावलेच होते. जून 1870 मध्ये लॉर्ड्सवर एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) आणि नॉटिंगहॅमशर यांच्यातल्या सामन्यात जॉन प्लॅट्सचा एक चेंडू अचानक उसळून जॉर्ज समर्स या फलंदाजाच्या डोक्यावर बसला आणि काही दिवसांतच त्या पंचवीस वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. समर्सनंतर फलंदाजीला आलेला रिचर्ड डॅफ्ट डोक्याला टॉवेल गुंडाळून मैदानात उतरला होता. त्या सामन्यात एमसीसीच्या संघात ग्रेस होता. हेल्मेट तर सोडाच, धड हातमोजेही नसलेल्या त्या काळात अशा खेळपट्टीवर वर्षानुवर्षे उभे राहून धावा काढणे म्हणजे काय असेल, याची कल्पना आपण घरबसल्या करू शकत नाही. 1868 मध्ये याच लॉर्ड्सवर जंटलमेन (हौशी खेळाडू) विरुद्ध प्लेअर्स (व्यावसायिक) या सामन्यात जंटलमेन संघाच्या 201 धावांपैकी नाबाद 134 धावा एकट्या ग्रेसच्या होत्या. वीस वर्षांच्या आतल्या पोराची ही खेळी मला त्याच्या पुढच्या अनेक मोठ्या खेळींहून सरस वाटते.

ग्रेसने नेमके वेगळे काय केले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्याच्याआधीचे फलंदाज साधारणपणे एका पद्धतीचे असत. कुणी पुढे सरसावून खेळे, कुणी मागच्या पायावर राहून बचाव करी, कुणाचा एखादाच हुकमी फटका असे. ग्रेसने पुढचा आणि मागचा पाय दोन्ही सारख्याच अधिकाराने वापरले आणि चेंडूचा टप्पा पाहून फटका ठरवण्याची रीत घालून दिली. आधुनिक फलंदाजीचा पाया ग्रेसने घातला, असे पुढे खुद्द रणजितसिंहजींनी, म्हणजे विख्यात फलंदाज रणजींनी, लिहून ठेवले आहे.

या फलंदाजीला शरीराची जोड होती, हे त्याच्या उतारवयातल्या स्थूल छायाचित्रांमुळे आपण विसरतो. 1866 च्या जुलैअखेरीस, अठरावे वर्ष नुकतेच पूर्ण झालेले असताना, त्याने ओव्हलवर सरेविरुद्ध नाबाद 224 धावा केल्या. सामना चालू असतानाच कर्णधार व्ही. ई. वॉकर यांची परवानगी घेऊन तो क्रिस्टल पॅलेसला गेला, तिथे 440 यार्डांची अडथळ्यांची शर्यत धावला आणि ती जिंकलाही. क्षेत्ररक्षणासाठी एक गडी कमी पडत असूनही कर्णधाराने त्याला जाऊ दिले, हे मला विशेष वाटते. पुढे वय झाल्यावर त्याने लॉन बोल्स हा खेळ आपलासा केला आणि 1903 मध्ये स्थापन झालेल्या इंग्लिश बोलिंग असोसिएशनचा तो पहिला अध्यक्ष झाला.

1871 चा हंगाम हा माझ्या मते त्याच्या थोरवीचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्या वर्षी त्याने 78.25 च्या सरासरीने 2,739 धावा केल्या. त्याच्या पाठोपाठ असलेल्या फलंदाजाची सरासरी त्याच्या जेमतेम निम्मी होती. साऱ्या इंग्लंडमध्ये त्या हंगामात प्रथम श्रेणीची सतरा शतके झाली आणि त्यांतली दहा एकट्या ग्रेसची होती. एका हंगामातल्या धावांचा हा विक्रम पंचवीस वर्षे टिकला आणि 1896 मध्ये तो मोडला तोही रणजींनीच, 2,780 धावा काढून. सरासरी पाहायची तर ती अशी, बरोबरीने खेळणाऱ्यांच्या शेजारी ठेवून पाहिली पाहिजे.

ऑगस्ट 1876 ची गोष्टही सांगायलाच हवी. कँटरबरीला केंटने 473 धावा केल्या, एमसीसीचा डाव 144 धावांत आटोपला आणि फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी करण्याची वेळ, पदरी आला. दुसऱ्या डावात ग्रेसने 344 धावा काढल्या. प्रथम श्रेणीतले हे पहिले त्रिशतक होते आणि विल्यम वॉर्डचा 278 धावांचा 1820 पासूनचा उच्चांक त्यामुळे मागे पडला. तिथून तो क्लिफ्टनला गेला आणि नॉटिंगहॅमशरविरुद्ध 177 धावा केल्या, मग चेल्टनहॅमला यॉर्कशरविरुद्ध नाबाद 318. आठ दिवसांत, रेल्वेचा प्रवास करत, तीन डावांत 839 धावा!

ग्रेसची दुसरी बाजू झाकावी असे मला वाटत नाही. नावापुरता तो हौशी खेळाडू होता, पण 1873-74 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याने 1,500 पौंड घेतले, तर त्याच संघातल्या व्यावसायिकांना 170 पौंडांवर समाधान मानावे लागले. हा अन्याय होता. 1882 मध्ये ओव्हलवरच्या कसोटीत धाव पूर्ण करून खेळपट्टी नीट करायला पुढे गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या सॅमी जोन्सला त्याने धावबाद केले. नियमात बसणारी, पण मनाला न पटणारी ती कृती होती. चिडलेल्या ऑस्ट्रेलियन गोलंदाज स्पॉफर्थने मग 85 धावांचे माफक आव्हान इंग्लंडला पेलू दिले नाही आणि ऑस्ट्रेलिया सात धावांनी जिंकली.

दुसरीकडे, तो शिकलेला आणि ब्रिस्टलमध्ये प्रत्यक्ष व्यवसाय करणारा डॉक्टर होता. 1887 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर चेंडू अडवताना त्याचा सहकारी क्रूम कुंपणाच्या टोकदार गजांवर आदळला आणि त्याचा गळा फाटला. टाके घालण्याचे साहित्य येईपर्यंत ग्रेसने त्या जखमेच्या कडा आपल्या बोटांनी घट्ट धरून ठेवल्या. क्रूम वाचला.

आपल्याकडच्या क्रिकेटशीही त्याची एक गाठ पडली आहे. मुंबईच्या पारशांचा संघ 1886 मध्ये इंग्लंडला गेला, तेव्हा लॉर्ड्सवर एमसीसीकडून ग्रेस त्यांच्याविरुद्ध खेळला. पारशांचा तिथे दणदणीत पराभव झाला, पण क्रिकेटच्या शिखरावर काय असते ते त्यांना समोरासमोर पाहता आले.

तरीही कुणी 32.29 या आकड्यावर अडून बसले, तर मी त्याला 1895 चा हंगाम पाहायला सांगतो. तोवर इंग्लंडमधल्या खेळपट्ट्या बऱ्याच सुधारल्या होत्या आणि त्यांच्यावर नीट रोलर फिरत होता. ग्रेस तेव्हा सत्तेचाळिशीला टेकलेला होता आणि त्याचे वजन बरेच वाढले होते. त्याने 9 ते 30 मे या काळात हजाराहून अधिक धावा काढल्या. मे महिन्यात हजार धावा करणारा तो पहिला फलंदाज. त्याच महिन्यात ब्रिस्टलला सॉमरसेटविरुद्ध 288 धावा करून त्याने शंभरावे शतक पूर्ण केले. तोवर कुणीही शंभर शतकांपर्यंत पोहोचले नव्हते. हंगामाअखेर त्याच्या 2,346 धावा झाल्या होत्या आणि सरासरी होती 51. तेविसाव्या वर्षी त्याला याच खेळपट्ट्या मिळाल्या असत्या, तर 1871 च्या हंगामात तो कुठवर गेला असता याचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे, आणि दर वेळी येणारा आकडा मलाच खरा वाटत नाही.