आमटी न वाढणारा चमचा

“कोणासाठी घेताय?”

वेल्समधल्या कार्डिफच्या किल्ल्याजवळच्या दुकानात मी फक्त किंमत विचारली होती. काउंटरवरच्या आजींनी उलट मलाच प्रश्न केला.

हातात लव्हस्पून होता. पूर्वी वेल्समधली पोरं लाकडाच्या एकाच तुकड्यातून असा चमचा कोरून आवडत्या मुलीला द्यायची. इथल्या सेंट फेगन्सच्या संग्रहालयात एक आहे, त्यावर १६६७ साल कोरलंय.

“आईसाठी,” म्हटलं. मग आजींनी चार-पाच चमचे समोर मांडले. हृदय म्हणजे प्रेम, नाल म्हणजे नशीब, साखळी म्हणजे कायमची साथ. काय सांगायचंय ते आधी ठरव, मग चमचा निवड.

माझ्या पिशवीत तोवर वेल्सच्या झेंड्यावरच्या लाल ड्रॅगनची सहा मॅग्नेटं पडली होती. ऑफिससाठी. कुठलं कोणाला, काही ठरवलं नव्हतं. (मागे ‘मेड इन चायना’. असो.)

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला चमचा दाखवला.

“याने आमटी वाढता येते का गं?”

“नाही गं, भिंतीवर टांगायचा.”

“हं. तुझ्या बाबांनी करवंटीची डवली करून दिली होती मला. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात. रोज वापरते.”

ती डवली बाबांनी केलीय? मला वाटायचं, बाजारातली आहे.