दोघांचं आपसातलं

मंगळवार, रात्री उशिरा

बाथरूमच्या कचऱ्याच्या डब्यात गॉझचं फाडलेलं पाकीट सापडलं. तळाशी, टिश्यूंच्या खाली दाबून ठेवलेलं. डबा रिकामा करायचं काम धाकट्याचं आहे, तो ते करत नाही, मग ते माझ्याकडे येतं, म्हणून सापडलं. नाहीतर पत्ताही लागला नसता.

धाकट्याला हाक मारली. आला तो डावी टाच न टेकवता. काय झालं पायाला? काही नाही. दाखव. दाखवला. शनिवारी इथं डार्विनला नाइटक्लिफच्या जेटीवर गळ घेऊन गेले होते ना दोघं, तेव्हा ओहोटी बघून खाली खडकांवर उतरले आणि कालवांच्या कडांनी तळवा कापला. चांगला दोन पेरं लांब. शनिवारी! आज मंगळवार. मधल्या काळात हा मुलगा रविवारी रॅपिड क्रीकच्या बाजारात माझ्यामागे पिशव्या घेऊन हिंडला, दोन दिवस शाळेत जाऊन आला, आणि तोंडातून हूं नाही की चूं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"ताईला माहीत होतं ना."

एवढंच बोलला आणि फ्रिज उघडून उभा राहिला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. ताईला माहीत होतं म्हणजे घरात माहीत होतं, अजून कुणाला कळवायचं राहिलं?

जखम भरत आलीय, ते मी चष्मा लावून पाहिलं. ड्रेसिंग वॉटरप्रूफ, कडा बोटानं दाबून बसवलेल्या, आणि एका कोपऱ्यात पट्टीचं टोक थोडंसं आत दुमडलेलं. काढताना नखानं उचकटायला लागू नये, कातडी ओढली जाऊ नये, म्हणून. ते दुमडलेलं टोक काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. मला नसतं सुचलं ते.

थोरलीला विचारलं तर तिनं फोनमधून मान वर न काढता पाढे म्हटल्यासारखं सांगितलं. आधी जेटीवरच्या नळाखाली धुतलं, घरी आल्यावर सलाइननं, शिंपल्याचा कण आत राहिलेला नाही, रोज बदलतेय, ताप नाही, लाली वर सरकत नाहीये. "अजून काय?" अजून काय म्हणे. कॅज्वारिनाच्या किनाऱ्यावर लाइफसेव्हिंगला तिला घातलं आम्हीच, प्रथमोपचार शिकून आली तेव्हा अलिबागला फोन करून कौतुक सांगितलं मीच.

"पण मला सांगायचं ना गं."

"तू लगेच मेलिऑइडोसिस म्हणाली असतीस."

म्हणालेच असते! इथं पावसाळ्यात त्या रोगाचा जंतू चिखलातनं, साचल्या पाण्यातनं वर येतो आणि कापल्या-खरचटल्या जागेतून अंगात शिरतो. दर वर्षी आरोग्य खातं बजावतं की बूट घाला, जखमा झाकून ठेवा. घरात एक शुगरवाला माणूस आहे, ही माहिती मी काय हौसेनं पाठ केली? आणि पाऊस कुठं गेलाय अजून. परवा रात्रीच वादळी सर येऊन गेली, मागच्या कुंपणाबाहेरचं पुरुषभर उंचीचं गवत सगळं आडवं. त्यात हे महाशय कापलेला पाय घेऊन सायकलवरून घरी आले.

तरी भीतीचं म्हणाल तर ती पाच मिनिटांत ओसरली. राग म्हणावा तर तो धरायचा कुणावर? पोराला लागलं, बहिणीनं बघितलं, बरं केलं. यात चुकलं कुणाचं? आणि तरी जेवताना घास उतरेना. नवरा विचारत होता, आमटीत काही कमी पडलंय का. नाही म्हटलं.

शनिवारपासून या घरात दोघांना एक गोष्ट ठाऊक होती आणि मी त्यांच्या समोर बसून वरण वाढत होते. राहून राहून तेच. त्यांनी एकमेकांकडे बघितलं असेल का? बघितलंच असणार. मी "पाय नीट घे खाली" म्हणाले असेन, आणि हे दोघं ताटात बघून हसले असतील.

हे असं होणार हे मलाच कळायला हवं होतं, कारण ही जोडी बांधली मीच. आलो तेव्हा धाकटा कडेवर होता आणि थोरली शाळेत कुणाशी बोलत नव्हती. डार्विन म्हणजे ऑस्ट्रेलिया, असं तिकडच्यांना वाटतं. मेलबर्नच्या मावसबहिणीलाही तसंच वाटायचं, तिकिटाचे पैसे बघेपर्यंत. इथून सिडनीपेक्षा जकार्ता जवळ. आजी नाही, आत्या नाही, समोरच्या बिऱ्हाडात जाऊन बस म्हणावं तर समोर बिऱ्हाड नाही. मग मी काय म्हणायचे? त्याच्याकडे लक्ष ठेव गं. ऑक्टोबर ते मे समुद्रात जेलीफिशची भीती, तर त्याला पाण्यात पाय घालू देऊ नकोस. खाडीच्या तोंडाशी मगरीची पाटी आहे, तिथं त्याचा हात सोडू नकोस. इथं भरती-ओहोटीत आठ-आठ मीटरचा फरक पडतो, पाणी मागून येतं आणि कळत नाही, तेव्हा तू मागे बघ, तो बघणार नाही. पावसाळाभर पोहायचं म्हणजे लेक अलेक्झांडर, नाहीतर तरणतलाव, आणि कुठंही जा, तिच्या पिशवीत त्याचा टॉवेल. आठवड्यातनं दोन रात्री माझी ड्यूटी, तेव्हा त्याला झोपवलं तिनं. गोष्ट कोणती सांगायची ते मला आजही माहीत नाही.

आता लक्ष ठेवलंय तिनं. मग माझ्या पोटात का दुखतंय?

दादानं माझी एक तरी गोष्ट कधी झाकली होती का, असं सारखं मनात येतंय. एकदाही नाही. उलट चुगलखोर नंबर एक. ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात गेलो होतो, परत येताना पाणी चढायला लागलेलं, माझा फ्रॉक कमरेपर्यंत भिजला. सुरूच्या बनात बसून वाळवू म्हटलं त्याला. हो म्हणाला, आणि मी पाणी पिळत असताना धावत पुढे जाऊन घरी सांगूनही आला. मी पोहोचले तर आई दारातच, हातात लाटणं. घरात इतकी माणसं होती की प्रत्येकाला सांगायला कुणी ना कुणी मिळायचं, दोघांनीच मिळून काही धरून ठेवायची गरजच पडली नाही. असंच असेल. की आमच्यातच काही कमी होतं?

वहिनीचा मेसेज येऊन पडलाय. हक्कसोड पत्राचं काय ते कळवा, तलाठ्याकडे खेपा होतायत. दादानं स्वतः नाही विचारलेलं. ते जाऊ दे आत्ता.

हेवा. शब्द लिहून बघितला तर बरंच हलकं वाटलं, आणि मग लगेच लाज. पोटच्या पोरांचा हेवा करणारी बाई. पण आहे तो हेवा. तो पाय कापल्यावर तोंडातून "आई गं" म्हणाला असेल आणि धावत गेला असेल ताईकडे. मला दोन्हीकडनं वाईट वाटतंय, मी आई म्हणून बाजूला राहिले याचं, आणि मला अशी कुणी नव्हती याचं. यातलं जास्त कोणतं, ते आज ठरत नाही. झोप.


गुरुवार, रात्र

काल संध्याकाळी ड्रेसिंग बदलायची वेळ झाली तेव्हा मी जय्यत तयारीत होते. हात धुतले, टॉवेल अंथरला, दिवा ओढून घेतला. "ये, मी बदलते."

"नको, ताई बदलते."

ताईनं माझ्याकडे बघितलं. तिला दया आली असावी. "आई, तू कात्री धर."

धरली. काय करता. दोन पदव्या आणि इथला नर्सिंगचा परवाना खिशात असलेली बाई स्वतःच्या घरात कात्री धरून उभी. ती पट्टी काढत होती आणि तो ओरडत होता, तिनं अजून हातही लावला नव्हता तेव्हापासून. ती म्हणाली, तुझ्या त्या बर्रामुंडी माशानं पण एवढा तमाशा नव्हता केला. तो हसायला लागला आणि तेवढ्यात तिनं सर्रकन ओढली. म्हणजे हे असं चालतं तर. दुमडलेल्या टोकाचं विचारलं तिला, कुणी शिकवलं. म्हणाली, "तूच नाही का, मी सोलपटून आले होते तेव्हा?" मला काही आठवत नाही. खरं असेल किंवा मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल, तिचा काही भरवसा नाही.

आणि आज मिंडिलच्या किनाऱ्यावरचा बाजार. कोरड्या ऋतूत गुरुवारी आणि रविवारी भरतो, आणि हा मोसमातला आमचा पहिला. चतुर उडायला लागलेत, म्हणजे पावसाळा उठला असं इथले लोक म्हणतात, हवेतला चिकटपणाही गेलाय. संध्याकाळी एक बाई चक्क जाकीट घालून फिरत होती, तापमान पंचविसाच्या वरच असेल. दोन-तीन वर्षं इथं काढली की सगळ्यांचं असं होतं, मीही ओढणी घेऊन गेले होते.

मुलांनी पैसे मागितले, घेतले, आणि "सूर्य बुडला की इथंच" एवढं सांगून गर्दीत नाहीशी झाली. तो लंगडत होता, ती त्याच्या चालीनं चालत होती आणि तोंडानं त्याला घाई करत होती. मी वाळूच्या उंचवट्यावर चटई अंथरली. म्हटलं ठीक आहे, ते दोघं, तर आम्ही दोघं. ह्याला मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं. पाकीट, ताईला माहीत होतं, माझा हेवा, सगळं. बराच वेळ काही बोलला नाही, मला वाटलं मनाला लागलं. मग म्हणाला, "रविवारी सकाळी सव्वासहाला ओहोटी आहे, बोट काढता येईल." भरती-ओहोटीचं कोष्टक वाचत होता फोनवर. पाय कापल्याचं त्याला शनिवारीच कळलं होतं, असंही निघालं. सायकल लावताना धाकट्यानं सांगितलं म्हणे.

म्हणजे मी एकटीच! मला आधी संताप आला आणि मग असं हसू फुटलं की शेजारच्या चटईवरच्या आजीबाईंनी वळून बघितलं. तीन दिवस मी कसली शोकांतिका लिहीत बसले होते, तर सगळं घर एका बाजूला आणि एक मेलिऑइडोसिसवाली एका बाजूला.

घरी आल्यावर दादाला फोन लावला. तिकडे साडेचार तासांनी, चुकले, चार तासांनी मागे, चहाची वेळ. कागदाचं बोलायचं ठरवूनच लावला होता. त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. फ्रॉकचं आठवतंय का म्हणून विचारलं. "कुठला फ्रॉक?" म्हणाला. अगदी मनापासून आठवत नव्हतं त्याला. मार मी खाल्ला, त्यानं कशाला लक्षात ठेवावं.

मग त्याच्या आवडीचा विषय. भाच्यानं मेरी नदीवर जिताडा धरला त्याचं काय झालं? बर्रामुंडी आणि आपला जिताडा एकच मासा हे कळल्यापासून दादाला ऑस्ट्रेलिया हा देश एकदम पटलाय. पावसाळ्याचं पाणी माळांवरून नदीत उतरायला लागलं की मासा तोंडाशी येऊन थांबतो, बाबाच्या मित्राच्या बोटीतून धाकट्यानं तिथंच धरला. आणि सोडला. इथं 55 सेंटिमीटरच्या आतला बर्रामुंडी ठेवता येत नाही, हा थोडक्यात कमी भरला. ताईनं मोजपट्टी लावली, ताईनंच सांगितलं सोड, आणि त्यानं सोडला, हे मी दादाला मोठ्या अभिमानानं सांगायला गेले.

"हातातला जिताडा सोडला?"

"कायदा आहे रे."

"शेपटी जरा ओढायची होती."

दादाला हे पटेना. पेणला लोक पाहुण्याला जिताडा दिला तर जावयासारखा मान समजतात आणि तुम्ही पाण्यात टाकता. कुणाला सांगू नका मी त्याचा मामा आहे म्हणून. मग आवाज खाली आणून म्हणाला, परवा मी आणला एक, खाडीतला, ताजा फडफडीत. किती रुपये किलोनं आणला तेही सांगितलं. मी म्हटलं वेड लागलंय तुला.

"तुझ्या वहिनीला पाचशे कमी सांगितलेत. बोलशील हां नाहीतर तिच्याशी."

नाही बोलत म्हणाले. शपथ घ्यायला लावली, घेतली.

वहिनीच्या मेसेजला उद्या उत्तर द्यायचंच आहे. कागदाचं काय ते लिहीनच, आणि खाली सहज म्हणून माशाचा खरा भावही टाकून देईन. फ्रॉकचं उट्टं बाकी आहे अजून.