फादरांची शाळा

एप्रिलमध्ये शाळेतून फोन आला. ऑफिसच्या कपाटाला वाळवी लागली होती आणि जुनी जनरल रजिस्टरं बाहेर काढायची होती. "बाई, तुम्हाला जुनं अक्षर लागतं, येता का?" मी त्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण नाही म्हणवलं नाही.

मागच्या व्हरांड्यात सतरंजी पसरली आणि एकेक रजिस्टर उन्हात उलगडत गेलो. जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड, पानं चहाच्या रंगाची. विद्यार्थ्याचं नाव, धर्म व जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण. बोरूनं लिहिल्यासारखं ठसठशीत बाळबोध अक्षर. नावं वाचत गेले तशी मी पुढची पानं उलटायची विसरले. पास्कू, इनास, बस्त्याव, फरसू, नाताल. आडनावं घोन्सालवीस, मच्याडो, दिमेलो, तुस्कानो. मुंबईत कुणी गोन्साल्विस लिहीत असेल, आमच्या वसईत मास्तरांनी 'घ' लिहिला आणि तो कायमचा 'घ' झाला. पोर्तुगीज नाव मराठी कानानं ऐकून मराठी हातानं लिहिलेलं. आमचं सगळं असणं मला त्या एका अक्षरात दिसतं.

मग वडिलांची नोंद सापडली. १९४१, इयत्ता पहिली. धंदा शेती, वर्तणूक चांगली. जन्मतारीख मात्र चुकलेली. माझे वडील नेहमी म्हणायचे, "कागदावर मी नऊ दिवसांनी लहान आहे." आज त्याचा उलगडा झाला. तेव्हा जन्मदाखला कुणाकडे होता? फादरांकडे चर्चची बाप्तिस्म्याची वही होती. मास्तर त्या वहीवरून तारीख उतरवून घ्यायचे. आजीनं बाळाला नवव्या दिवशी चर्चमध्ये नेलं होतं, तोच दिवस शाळेत जन्मदिवस म्हणून चढला. चर्चची वही लॅटिन-पोर्तुगीज वळणाची, शाळेची वही मराठी, आणि दोन वह्यांच्या मधोमध मास्तरांचा हात.

शाळा सोडल्याचं कारण: शेतकाम. इयत्ता चौथी.

तेव्हा ती शाळा चौथीपर्यंतच होती. चर्चच्या मागे कौलारू पडवी, तिथे चारही वर्ग एकत्रच बसायचे. पुढे शिकायचं तर वसई गावात पायी. केळीच्या वाडीत पाणी धरायला माणूस लागायचा, त्यामुळे वडिलांचं शिक्षण तिथेच थांबलं. पण तेवढ्या चार इयत्तांवर त्यांनी आयुष्यभर बाजाराचा हिशेब ठेवला, अर्ध्या आळीची पत्रं लिहून दिली आणि 'सुवार्ता' मासिकाचा अंक आला की ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवला.

बाहेरच्या लोकांना मिशनरी शाळा म्हटलं की कॉन्व्हेंट आठवतं, इंग्रजी आठवतं. मी मराठीची शिक्षिका आहे असं सांगितलं की आजही लोक विचारतात, "तुम्ही ख्रिश्चन ना, मग मराठी कसं?" म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

वसईला शाळा पोर्तुगीजांबरोबर आली हे खरं. १५३४ च्या तहानं वसई त्यांच्याकडे गेली आणि त्याच शतकाच्या मध्यावर जेझुइट, म्हणजे शाळा चालवणाऱ्या एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू, इथे आले. किल्ल्यात त्यांच्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे. ज्याला आपण पहिला भारतीय संत म्हणतो तो गोन्सालो गार्सिया याच किल्ल्यात जेझुइटांच्या हाताखाली शिकला. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी इतकी छान शिकला की पुढे फ्रान्सिस्कन साधूंचा दुभाषी झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये रोमनं त्याला संतपद दिलं. मी वर्गात ही गोष्ट सांगताना त्याच्या मरणाआधी त्याच्या भाषेवर थांबायची. वसईचं एक पोर परक्या भाषेत इतकं रुजतं की त्याच्या तोंडून दुसऱ्यांचं बोलणं जातं. मुलांना ते पटकन कळायचं, कारण त्यांचंही तसंच होतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

१७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, त्यांची कॉलेजं ओस पडली. धर्म पाळायची मुभा तहात होती, त्यामुळे गावं ख्रिस्ती राहिली आणि गोव्याचे धर्मगुरू ती सांभाळत राहिले.

आता एक गोष्ट मला तरुणपणी फार खुपायची. मुंबईत जेझुइटांनी १८६३ ला वांद्र्याला सेंट स्टॅनिस्लॉस सुरू केलं, १८६४ ला माझगावला सेंट मेरीज, १८६९ ला सेंट झेवियर्स. १८६७ पासून विरारहून मुंबईला रोजची गाडीसुद्धा होती. खाडीच्या पलीकडे एवढं घडत असताना आमच्याकडे का नाही? उत्तर चर्चच्या कारभारात आहे. पोर्तुगालच्या राजाला पोपनं पूर्वेकडच्या चर्चची व्यवस्था बघायचा हक्क दिला होता, त्याला पाद्रोआदो म्हणत. मुंबईतले जेझुइट थेट रोमच्या प्रोपागांदा, म्हणजे धर्मप्रसार बघणाऱ्या, खात्याखाली काम करत होते. वसई मात्र पाद्रोआदोत राहिली, आधी गोव्याच्या आर्चबिशपांकडे, १८८६ पासून दमणच्या बिशपांकडे. दोन्ही बाजू कॅथलिकच, पण एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. दमणचा धर्मप्रांत मोडून वसई मुंबईला जोडली गेली ती १९२८ मध्ये. झेवियर्स सुरू होऊन तेव्हा जवळजवळ साठ वर्षं झाली होती. माझ्या मते आमच्या दोन पिढ्या त्या भांडणात अडाणी राहिल्या. त्याचं दुःख मला आजही आहे.

पण त्याच उशिरातून आमच्या शाळांचा स्वभाव घडला असंही मला वाटतं. मुंबईच्या शाळा मोठ्या संघांनी, परदेशातून आलेल्या माणसांनी उभ्या केल्या. आमच्या शाळा धर्मग्रामाच्या, म्हणजे एकेका चर्चच्या गावाच्या होत्या. फादर, एक-दोन मास्तर, आणि वाडीतली माणसं. शाळेच्या भिंतीला गावानं माती वाहिली, कुणी बांबू दिले, कुणी केळीचे घड विकून पैसे दिले, हे मी माझ्या आजीकडून ऐकलंय. सरकारी अनुदानाची पद्धत १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून होती. अनुदान मिळालं तर मास्तरांचा पगार निघायचा, नाहीतर फादर रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, हात पसरायचे. आणि गावाची शाळा म्हणजे मराठी शाळा, याबद्दल कुणाच्या मनात दुसरा विचारच नव्हता.

गंमत अशी की ही मराठी आमच्या घरातली नव्हती. आम्ही वसईच्या कुपारी समाजाचे, घरी सामवेदी बोली बोलतो. शेजारच्या वाडवळांची बोली वेगळी, कोळ्यांची आणखी वेगळी. शाळेच्या पहिल्या दिवशी 'बाई, मला तहान लागली' एवढं म्हणायलाही आम्ही अडखळायचो. मी शिक्षिका झाल्यावर पहिलीच्या पोरांना महिनाभर त्यांच्या बोलीत बोलू द्यायची, मग हळूहळू पुस्तकाच्या मराठीकडे न्यायची. ओरडून भाषा येत नाही. आमच्या वर्गात कोळी होते, आगरी होते, मुसलमान होते, वारली पाड्यावरची मुलं होती. धर्मशिक्षणाच्या तासाला ख्रिस्ती मुलं एका खोलीत जायची आणि बाकीची नीतिशिक्षणाला दुसऱ्या. घंटा झाली की सगळे पुन्हा एकाच बाकावर, एकाच डब्यातलं सुकेळं, म्हणजे सुकवलेलं केळं, वाटून खात.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, साठच्या दशकात, मिस्सा लोकांच्या भाषेत करायला परवानगी मिळाली. वसईत ती मराठीत झाली. आजीची सगळी हयात लॅटिन ऐकण्यात गेली होती. लाल लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसलेल्या आजीला फादरांचं बोलणं पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत कळलं, आणि घरी येऊन ती म्हणाली, "देव आपल्या शाळेत शिकला वाटतं." मी तेव्हा फार लहान होते, हे आईनं सांगितलेलं. पण विचार केला तर त्या रविवारी मराठी प्रार्थनापुस्तक उघडून वाचणारी माणसं तयार होती, ती पडवीतल्या शाळांनी तयार केली होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा टीव्हीसमोर बसून मी रडले. ते नंदाखालचे. त्यांच्यामागे वसईतल्या शाळांमधून फळ्यावर बाराखडी गिरवलेल्या कित्येक पिढ्या मला दिसत होत्या.

आता मराठीच्या तुकड्या रिकाम्या होत चालल्यात. एका शाळेत माझ्या डोळ्यांदेखत पहिलीचा वर्ग बंद झाला, पट भरला नाही म्हणून. ज्या बाकांवर मी मुलं शिकवली ते बाक इंग्रजी माध्यमाच्या वर्गात गेले. आईबापांना मी दोष देणार नाही. माझा मुलगा इंग्रजी माध्यमातच शिकला, आणि तो निर्णय माझाही होता. पण ती पडवी ज्यांनी बांधली त्यांना आपण हे विचारलं नाही, एवढं मात्र मला टोचतं.

रजिस्टरं चार दिवस उन्हात ठेवली. कडुलिंबाचा पाला घालून नव्या कापडात बांधली. १९५३ चं एक अजून माझ्या घरी आहे, त्याची शिवण सुटलीय. काल रात्री ते चाळताना एका पानावर ओळीनं सात मुलींची नावं दिसली, एकाच दिवशी दाखल झालेल्या. त्याआधीच्या पानांवर मुली तुरळक, कुठेतरी एखादी. त्या दिवशी काय झालं असेल? कुणी फादर किंवा सिस्टर घरोघर फिरली असेल का? सातांपैकी एक माझी आत्या आहे. ती आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात पण आठवण शाबूत आहे. उद्या सकाळी रजिस्टर घेऊन तिच्याकडे जाते आहे.