नळीतलं पाणी

ऑक्टोबर म्हणजे आमच्या निफाडला फळछाटणीचा महिना. त्या वर्षी मी मात्र ऑक्टोबरात इटलीत होतो, पिएमॉन्तेतल्या लांगे टेकड्यांवर, बारोलो नावाच्या वाईनच्या द्राक्षबागांत हंगामी कामाला. सकाळी धुकं इतकं दाट की शेजारच्या ओळीतला माणूस दिसत नसे, नुसती कात्रीची कटकट ऐकू येई. धुक्याला तिकडे 'नेब्बिया' म्हणतात, आणि 'नेब्बिओलो' हे द्राक्षाचं नाव त्यावरूनच पडलं असं बरेच जण सांगतात. फुटायला सगळ्यांच्या आधी, पिकायला सगळ्यांच्या शेवटी. बार्बेरा आणि दोल्चेत्तो ही तिथली बाकीची काळी द्राक्षं तोवर टाक्यांत जाऊन आंबायलाही लागली होती.

त्या दिवशी मला तळघरात घातलं. टाकीतला आंबता रस खालून काढायचा आणि पंपाने वर तरंगणाऱ्या सालींवर सोडायचा. आधी बार्बेराची टाकी केली. तिचा रस जांभळासारखा, हाताला लागला तर दोन दिवस डाग जात नाही. मग नळी धुतली, नेब्बिओलोच्या टाकीला लावली आणि पंप चालू केला. थोड्या वेळाने सहज बादलीत पाहिलं आणि पोटात गोळाच आला. डाळिंबाच्या पाण्यासारखा फिकट रस, बादलीचा तळ दिसतोय! धुतलेल्या नळीत पाणी राहिलं असणार आणि मी ते टाकीत सोडलं असणार. 5000 लिटरचा रंग नळीभर पाण्याने उतरत नसतो, हे आता कळतं. तेव्हा डोकंच चालेना.

पंप बंद करून म्हाताऱ्या तळघरप्रमुखाला गाठलं आणि सगळं कबूल केलं. तो काही बोलला नाही. बादलीतून ग्लास भरला, म्हणाला, "पी."

हिरडा चघळावा तसं झालं. जीभ टाळूला चिकटली, हिरड्या आवळल्या. एवढ्या फिकट रसात एवढा तुरटपणा!

मग तो हसला. म्हणाला, नेब्बिओलो असाच: साल पातळ, रंगही लवकर उडून जाणारा. पण साली-बियांतला तुरटपणा मुरायला वर्षं लागतात. बारोलो म्हणून विकायची तर निदान 38 महिने थांबावं लागतं, त्यातले 18 लाकडी पिंपात. शेजारच्या ला मोर्रा गावात पंधराव्या शतकात नेब्बिओलोची वेल तोडणाऱ्याला जबर दंड होता, आणि पुन्हा पुन्हा तोडली तर उजवा हात कापायचे किंवा थेट फाशी. हे सांगताना तो माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. हातात अजून नळी होती.

रात्री आबांना फोन केला. ते दिवसभर छाटणीवर होते, दमलेले. रंगाचं ऐकून म्हणाले, "आपल्याकडे अशा मालाला व्यापारी बागेतसुद्धा उतरणार नाही." मग मी 38 महिन्यांचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"तीन वर्षं माल घरात? आन् सोसायटीचा हप्ता कोण भरतं रे त्यांचा?"