शेजारचं पत्र

आज संध्याकाळी आमच्या लालबागच्या चाळीत शेजारच्या काकूंनी हाक मारली. लेकीला सेवासमाप्तीचं पत्र आलंय. भरती परीक्षेत गैरप्रकाराचा संशय, म्हणून अख्खी यादीच रद्द. दीड वर्ष झालं होतं नोकरीला. पत्रात तिच्याविरुद्ध एक ओळ नाही, नुसता यादीतला अनुक्रमांक.

ती गॅलरीत बसून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं जुनं हॉल तिकीट बघत होती. "दादा, मी कुणाला एक पैसा दिला नाही रे," एवढंच म्हणाली. रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत बसणारी ही पोरगी मी पाहिलीय. पोटात तुटलं.

बंगालमध्येही हेच. २०१६ च्या शाळा भरतीतल्या शिक्षक-शिक्षकेतर मिळून २५,७५३ नियुक्त्या सुप्रीम कोर्टाने ३ एप्रिल २०२५ ला रद्द केल्या. मूळ उत्तरपत्रिकाच नष्ट केलेल्या, मग निवडून काढणार कसं? पैसे देऊन घुसलेल्यांना काढाच, त्यांनी कुणाच्या तरी तोंडचा घास पळवलाय. पण कागद सांभाळायचं काम उमेदवारांचं होतं का?

उद्या सकाळी तिच्यासोबत वकिलांकडे जातोय. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स आत्ताच काढून आणल्या.