मोरेन लेकची सीट: माझा अनुभव

व्हिसा आला, विमानाची तिकिटं निघाली, सासूबाईंच्या गुडघ्यांनीही होकार दिला, तरी मोरेन लेक बघायला मिळेल की नाही याचा काही भरवसा नव्हता. कारण तिथे आपली गाडी घेऊन जाताच येत नाही. कॅनडातल्या बॅन्फ नॅशनल पार्कमधलं हे तळं इतकं गाजलंय, की तिथलं छोटंसं पार्किंग पहाटेच भरायचं आणि मग दिवसभर गाड्या परत पाठवत बसावं लागायचं. शेवटी २०२३ पासून त्या रस्त्यावर खासगी गाड्या बंदच केल्या. अपंगांसाठीचा पार्किंग परवाना असलेल्यांना सूट आहे, पण नुसते गुडघे दुखतात म्हणून नाही. बाकीच्यांनी पार्कच्या किंवा टूरवाल्यांच्या बसने जायचं, आणि पार्कच्या बसची सीट आधी राखून ठेवायची.

"तलाव पाहाले रिझर्वेशन काहून लागते?" हे म्हणाले. ह्यांचं गाव साकोलीकडचं. नवेगावबांध तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, लहानपण गेलेल्या माणसाला हे पटणं कठीणच होतं.

मुलगा कॅलगरीत असतो, त्यामुळे बुकिंग तोच करेल असं मी धरून चालले होते. पण सीट सुटतात तिकडच्या सकाळी आठ वाजता, आणि हा सात वाजता कामाच्या साइटवर हजर. तिथे फोन खिशाबाहेर काढायची सोय नाही. तिकडचे उन्हाळ्यातले सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. "आई, तुलाच सोपं आहे," म्हणाला. म्हणजे कॅनडातल्या बसचं बुकिंग नागपुरातून, त्रिमूर्तीनगरच्या आमच्या हॉलमध्ये बसून करायचं.

पद्धत नीट समजून घेतली तर फार अवघड नाही. सगळ्या सीट एकदम सुटत नाहीत. साधारण चाळीस टक्के एप्रिलच्या मध्यात, अख्ख्या हंगामाच्या एकाच दिवशी. उरलेल्या साठ टक्के रोज थोड्या थोड्या, प्रवासाच्या दोन दिवस आधी, पुन्हा सकाळी आठलाच. ही दुसरी खेप म्हणजे आपलं तत्काल समजा. बहुतेक लोकांना एप्रिलचीच तेवढी माहिती असते. ती हुकली की घाबरून खासगी टूरवाल्यांकडे भरमसाट पैसे मोजतात. खरं तर मोठा वाटा नंतरच्या खेपेत असतो.

आदल्या आठवड्यात तयारी करून ठेवली. पार्कच्या बुकिंग साइटवर खातं उघडलं. कार्डावर परदेशी व्यवहार चालू केले. आपल्याकडे नव्या कार्डावर ते मुळात बंद असतात आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपण स्वतः चालू करावे लागतात. हे ऐन वेळी आठवलं तर ॲपचा पासवर्ड, ओटीपी आणि तोंडचं पाणी, सगळं एकदमच पळतं. भाडं तसं जड नाही. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना ८ डॉलर, ६५ च्या पुढच्यांना ४ आणि सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट होतं. वर बुकिंगची थोडी फी, ती परत मिळत नाही. पार्कच्या प्रवेशाचा पास वेगळा. तो बसच्या तिकिटात धरलेला नसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

एप्रिलच्या ठरलेल्या संध्याकाळी बाहेर अजून झळा मारत होत्या. कूलरसमोर लॅपटॉप ठेवला, बाजूला तारखांचा कागद. पहिली पसंती, दुसरी, तिसरी. शनिवार-रविवार मुद्दाम वगळले होते. साइटवर साडेसातच्या आधी जेवढे लोक येतात त्यांना एका वेटिंग रूममध्ये बसवतात, आणि साडेसात वाजले की कॉम्प्युटर सगळ्यांचे नंबर चिठ्ठ्या टाकल्यासारखे काढतो. त्यामुळे चार तास आधी ठाण मांडून काही उपयोग नाही. वेळेच्या जरा आधी पोचलं तरी पुरे. माझ्यापुढे पाच आकडी गर्दी निघाली. पडद्यावर एक माणूस चालतोय अशी पट्टी आणि खाली आकडा, तो उतरत जातो. मधे मी कणीक मळून आले. आईंनी दोनदा विचारलं, "झालं का गं?" ह्यांनी तर आकड्यापेक्षा क्रिकेटचा स्कोअर बरा म्हणून टीव्ही लावला.

आत शिरायला नऊ वाजून गेले. तोवर मोरेन लेकच्या सकाळच्या सीट माझ्या पहिल्या दोन्ही तारखांना संपलेल्या. इथेच एक गोष्ट माहीत असल्याचा फायदा झाला. बस दोन ठिकाणी जाते, लेक लुईस आणि मोरेन लेक, आणि बुकिंग करताना त्यातलं एकच निवडावं लागतं. पण तिकीट कुठलंही घ्या, दोन्ही तळ्यांमधून धावणारी जोडबस त्यातच येते. लेक लुईसला उतरायचं, तिथून जोडबसने मोरेनला जायचं. लेक लुईसच्या सीट त्यामानाने निवांत संपतात. जुलैच्या एका मंगळवारच्या, सकाळी नऊ ते दहाच्या तीन सीट मिळाल्या. टोपलीत टाकलेल्या सीट थोडाच वेळ राखून ठेवतात, म्हणून लगेच कार्ड भरलं. मुलाची रजा तोवर मंजूर नव्हती, त्याची सीट पुढे बघू म्हटलं.

ती मग कॅलगरीत पोचल्यावर काढली. जायच्या दोन दिवस आधी, सकाळी आठला, त्याच्या ओट्याशी उभी राहून, माझ्याच खात्यातून. या वेळी रांगच नव्हती म्हटलं तरी चालेल. गंमत म्हणजे मुलाला थेट मोरेन लेकची सीट मिळाली, आम्हा तिघांना लेक लुईसहून फिरून जायचं. म्हणजे ज्याची सीट सगळ्यात शेवटी काढली तो आमच्याआधी पोचणार. मोरेनला मोबाइलला रेंज नसते, म्हणून भेटायची जागा घरूनच पक्की केली: तळ्याकाठच्या लॉजसमोर. तिकिटांचे स्क्रीनशॉटही फोनात घेऊन ठेवले.

कॅलगरीहून लेक लुईस साधारण १८० किलोमीटर. रस्त्यात एक गोष्ट बघून हे गाडीत उठून बसले. हायवेवरून आडवे पूल जातात, त्यावर माती, गवत आणि चांगली वाढलेली झाडं. अस्वलं, हरणं, लांडगे रस्त्याच्या या अंगाहून त्या अंगाला जावेत म्हणून १९९० च्या दशकापासून बांधलेले. दोन्ही बाजूंना जाळीचं कुंपण, म्हणजे जनावर पुलाकडेच वळतं. आपल्याकडे मनसरच्या पुढे पेंचमधून जाणाऱ्या जबलपूर रोडवर उलटं केलंय. रस्ता वर उचललाय आणि वाघ खालून जातात, कॅमेऱ्यात सापडलेतही. "आपल्याले हे पुलाखालून जमलं, त्याईले पुलावरून," एवढ्यावर ह्यांनी निकाल दिला.

गाडी स्की रिसॉर्टच्या मोठ्या मैदानात लावायची. उन्हाळ्यात तिथे बर्फ नसतो, म्हणून ते बसचं पार्किंग होतं. काउंटरवर तिकीट दाखवलं की बोर्डिंग पास देतात. तो दिवसभर जपायचा, जोडबसला आणि परतीला तोच लागतो. आईंनी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये, पर्स स्वेटरच्या आत, त्यावर जॅकेट असा बंदोबस्त केला. दर वेळी पास काढायचा म्हणजे आधी जॅकेट उघडायचं. ड्रायव्हर बाई हसून थांबायची.

लेक लुईसबद्दल फार लिहीत नाही. काठावर भलंमोठं हॉटेल, फोटोसाठी रांगा, समोर हिमनदी. सुंदर आहे, पण आम्हाला जोडबसची रांग खुणावत होती. जोडबसला सीट नंबर नसतो, पहिला येईल तो आधी. सकाळी लवकर गेलो म्हणून थोडक्यात सुटलो. दुपारी परतताना तीच रांग वळणं घेत पार रस्त्यापर्यंत गेलेली दिसली.

मोरेन लेक १,८८४ मीटरवर आहे. उतरल्यावर आधी तळं दिसतच नाही, दिसतो दगडांचा एक प्रचंड ढीग. त्याच्या बाजूने पायऱ्या आणि छोटी वाट वर जाते. पंधरा मिनिटांचा चढ असेल. माथ्यावर पोचलं की खाली तळं आणि त्यामागे दहा शिखरांची रांग. १८९० च्या दशकात सॅम्युएल ॲलन नावाच्या गिर्यारोहकाने या शिखरांना तिथल्या मूळच्या स्टोनी लोकांच्या भाषेतले एक ते दहा आकडे नावं म्हणून दिले होते. पुढे बहुतेक नावं बदलली, चार, नऊ आणि दहा तेवढी राहिली.

आणि रंग. मी फोटो शंभर पाहिले होते आणि फोटोवाले रंग चढवतात अशी माझी खात्री होती. चढवत नाहीत. हिमनदी डोंगर घासत खाली सरकते, त्या घासण्याने दगडाची पिठासारखी बारीक भुकटी होते आणि वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात येते. ती तळाशी बसत नाही, पाण्यात तरंगत राहते आणि उन्हातला निळा-हिरवा तेवढा आपल्याकडे परत पाठवते. म्हणून जूनच्या सुरुवातीला जाऊ नये. तेव्हा तळं बरेचदा अर्धवट गोठलेलं असतं. बर्फ वितळत जातो तसा रंग चढतो, जुलैत ऐन भरात असतो. ढग सूर्यावर आला की पाणी क्षणात गडद व्हायचं, ढग सरकला की पुन्हा उजळायचं. जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर, १९६९ आणि १९७९ च्या, हेच दृश्य होतं. आताच्या प्लॅस्टिकच्या नोटेवर नाही.

हे मात्र पाण्याकडे कमी आणि पायाखाली जास्त बघत होते. "ही तर पाळच आहे," म्हणाले. आणि बरोबरच होतं. दगडांचा हा ढीग हिमनदीने आणून टाकला अशी आधी समजूत होती. आता भूगर्भवाले म्हणतात की तो बाजूच्या कड्यावरून कोसळलेला असावा. त्याने दरीचं तोंड अडवलं आणि मागे पाणी तुंबलं. नवेगावलाही डोंगरांच्या मधे पाळ घालूनच पाणी अडवलंय, फक्त तिथली पाळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने बांधली. "इथं डोंगर पडला म्हणून जमलं. आमच्याकडं डोकं लावावं लागलं." शेजारच्या जपानी बाई ह्यांचं भाषण फार आदराने ऐकत होत्या.

आईंना चढ झेपणारा नव्हता, त्या खाली काठच्या बाकावर बसल्या होत्या. माकडटोपी, पातळावर मुलाचं जॅकेट, मांडीवर चिवड्याची पिशवी. आम्ही उतरतो तर एक खारीसारखा प्राणी त्यांच्या चपलेजवळ दोन पायांवर उभा आणि आई चिमूटभर चिवडा हातात घेऊन विचारात. मुलगा धावला. "आजी, नको! पंचवीस हजार डॉलर दंड आहे." प्राण्यांना खाऊ घातल्याबद्दल जास्तीत जास्त तेवढा दंड होऊ शकतो, हे खरं आहे. आईंनी चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली आणि त्या जनावराला म्हणाल्या, "बाबा, तुझा घास फार महाग पडतो."

मला पुढे कन्सोलेशन लेकपर्यंत चालायचं होतं, जाऊन-येऊन सहा किलोमीटरच्या आसपास. वाटेच्या तोंडाशी पाटी: अस्वलांचा वावर आहे, किमान चार जणांनी, एकमेकांना धरूनच जावं. ही विनंती नव्हे, नियम आहे. हे आईंजवळ थांबणार, उरलो आम्ही मायलेक. पण तिथे माणसं जोडीदार शोधतच उभी असतात. ब्रॅम्प्टनहून आलेल्या दोन पंजाबी मुलींनाही दोन जण हवे होते, मुलाकडे अस्वलाला पळवायचा स्प्रे होता, चौकडी जमली. अस्वल अचानक समोर येऊन दचकू नये म्हणून सतत मोठ्याने बोलत चालायचं. त्या वाटेवर मला एका मुलीच्या सासरचं सगळं राजकारण कळलं. अस्वल दिसलं नाही. ते ऐकून लांबूनच गेलं असणार.

परतीला बुकिंग लागत नाही, रांगेत उभं राहायचं. चारनंतर ती वाढत जाते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी तीनच्या आतच निघावं. आम्हाला बरंच ताटकळावं लागलं, आईंना रांगेतल्या एका कुटुंबाने घडीची खुर्ची दिली.

नणंदेला आता जायचंय, तिला लार्चची सोनेरी झाडं बघायचीत. त्यांच्या सुईसारख्या पानांचा रंग सप्टेंबरच्या शेवटी बदलतो, जेमतेम काही दिवस. त्या दिवसांत सीट सगळ्यात अवघड, आणि ऑक्टोबरच्या मध्याला रस्ता बंदच होतो. तिला सांगितलंय, एप्रिलच्या खेपेत लेक लुईसची मधल्या वारची सीट घेऊन ठेव. रंग आधी-मागे झाला तर दोन दिवस आधीच्या खेपेत दुसरी काढ. पहिलीची फी बुडेल, बुडू दे.